आधी पेट्रोल, मग रॉकेल

पंपाचा स्टोव्ह आज मुलांना दाखवायचा म्हटले तर शोधून आणावा लागतो. पण ज्यांनी तो पेटवला आहे त्यांना आठवत असेल, की टाकीत रॉकेल भरलेले असले तरी नुसती काडी ओढून तो पेटत नसे. आधी बर्नरखालच्या वाटीत थोडे स्पिरिट जाळायचे किंवा काकडा पेटवून बर्नरभोवती अडकवायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मग पंप मारायचा. घाई केली तर निळ्या ज्योतीऐवजी पिवळा भपका निघे आणि भिंत काळी होई. लग्नाच्या वरातीतली पेट्रोमॅक्सची बत्तीही अशीच नखरेल. तिलाही आधी स्पिरिट लागे.

म्हणजे हे दोन इंधनांचेच यंत्र झाले. एक इंधन महाग, थोडेसे वापरायचे, फक्त सुरुवातीला. दुसरे स्वस्त, ते नंतर तासन् तास. असे का करावे लागते हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर बाष्पीभवनात आहे. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी निघते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंशांच्या वर तापावे लागते, आणि हवेत नीट मिसळून पूर्ण जळायचे तर त्याहून पुष्कळच जास्त. थंड बर्नरमध्ये रॉकेल थेंबांच्याच रूपात राहते, म्हणून भपका आणि काजळी.

घरोघरच्या या काकड्याचीच गोष्ट पुढे वीज निर्माण करणाऱ्या लहान यंत्रांत कशी आली, आणि मुंबईच्या उंबरठ्यावरच्या वसई-विरारला त्या यंत्रांची गरज का पडत राहिली, हे आपण पाहू.

इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात हॉर्न्सबी कंपनीने हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्टच्या आराखड्याप्रमाणे जड तेलावर चालणारी इंजिने बाजारात आणली. त्यांच्या डोक्यावर एक पोकळ लोखंडी गोळा असे. इंजिन चालू करण्यापूर्वी तो गोळा दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे. एकदा इंजिनाने गती घेतली की आतल्या जळणाच्या उष्णतेवर गोळा आपला आपण तापलेला राही. स्टोव्हचाच हा मोठा भाऊ म्हणायचा. हेन्री फोर्डच्या १९१७ च्या फोर्डसन ट्रॅक्टरने काकडाही काढून टाकला. त्याची सुरुवात पेट्रोलवर होई, आणि इंजिन गरम झाले की शेतकरी तोटी फिरवून त्याला रॉकेलवर नेई. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा आपल्याकडच्या बस आणि ट्रकसुद्धा कोळशाच्या गॅसवर धावल्या. मागे किंवा बाजूला एक भट्टी, तिच्यात अर्धवट जळणारा लोणारी कोळसा, आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हेच इंधन. या वायूचे नाव लक्षात ठेवावे, तो लेखाच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा तो मित्र नसेल.

आता वसईकडे वळू. बॉम्बे-बडोदा रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या १९२८ मध्ये सुरू केल्या आणि १९३६ मध्ये ती वीज विरारपर्यंत नेली. त्या गाड्या खाडीवरच्या पुलावरून वसईत शिरत, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंच्या गावांत बहुतेक कंदीलच होते. रुळांवरची वीज गावोगाव पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. वसईच्या वाड्यांत केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिकत. विहिरी आणि बावखले यांवर रहाट असत, बैल किंवा रेडा गोल फिरे आणि पाणी बेताने वर येई. पुढे तेलाची इंजिने आली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, आणि नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या विहिरींवर त्यांचा आवाज सर्वत्र ऐकू येऊ लागला. ती इंजिने बहुधा डिझेलची होती, आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगीही लागत नाही, काकडाही लागत नाही. हवा दाबूनच ती इतकी तापते की तेल आपोआप पेटते. पण ती जड, पायात घट्ट बसवलेली. माणसाने उचलून न्यावे असे जनित्र त्यातून होत नव्हते.

(रहाट मंद होता हा त्याचा दोष नव्हता, असे किनाऱ्यावरचा जुना शेतकरी आजही सांगेल. गोडे पाणी हलके, ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असली तर खाली साधारण चाळीस मीटर गोडे पाणी असते. वरचे मीटरभर पाणी पंपाने भराभर उपसले तर खालचे खारे पाणी किती वर चढेल याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा.)

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि वीज हळूहळू गावांत पसरली. पण तिच्यासोबत एक अदृश्य सीमाही आली. वसईच्या खाडीच्या दक्षिणेला मुंबईची वीज, स्वतंत्र कंपन्यांची. उत्तरेला मंडळाची, २००५ पासून महावितरणची. राज्यात विजेचा तुटवडा पडला की भारनियमन उत्तरेला होई. २००५ नंतरच्या काही वर्षांत हा फरक फार टोचणारा होता. दहिसरला दिवे लखलखत आणि लोकलने पाऊण तासात घरी पोहोचलेला माणूस नालासोपाऱ्यात मेणबत्ती शोधत असे. मार्चच्या परीक्षा याच अंधारात. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे कुणाची उत्तरपत्रिका पंख्याखाली तयार झाली आणि कुणाची कंदिलाखाली हे आम्हाला पेपर तपासतानाही विसरता येत नसे.

या अंधाराला दुकानदारांनी, दवाखान्यांनी आणि मंडपवाल्यांनी एक उत्तर आधीच शोधले होते. जपानमध्ये होंडाने १९६५ मध्ये ई-३०० हे हातात उचलून नेता येणारे जनित्र काढले होते. भारतात श्रीराम होंडा ही कंपनी १९८५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यासह इतरांचीही छोटी जनित्रे बाजारात आली. जपानी यंत्र पेट्रोलचे. आपल्याकडे पेट्रोल महाग आणि रॉकेल स्वस्त, म्हणून इथे खपला तो प्रकार पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा. फोर्डसनची तोटी सत्तर वर्षांनी वसईच्या बाजारपेठेतल्या पायरीवर आली, ती अशी.

ती चालवायची रीत ज्यांनी केली त्यांच्या हातात अजून असेल. तोटी पेट्रोलवर, दोरी ओढायची, दोन-तीन मिनिटे इंजिन गरम होऊ द्यायचे, मग तोटी रॉकेलवर. पण खरी मेख बंद करताना होती. बंद करण्यापूर्वी तोटी परत पेट्रोलवर आणून काही मिनिटे चालवायचे, म्हणजे कार्बुरेटरच्या वाटीतले रॉकेल संपून तिथे पेट्रोल भरते. हे विसरले की दुसऱ्या दिवशी कितीही दोरी ओढा, यंत्र ढिम्म. आमच्या एका सहकाऱ्याकडचे जनित्र ‘नादुरुस्त’ म्हणून दोनदा मेकॅनिककडे गेले होते. त्याला काहीही झालेले नव्हते, वीज आली की आनंदाच्या भरात घरचे लोक सरळ बटण बंद करत एवढेच!

रॉकेलचा दुसरा दोष मात्र रीत पाळूनही जात नाही. दाबले की ते ठिणगीच्या आधीच पेटू पाहते आणि इंजिनात ठोके बसतात. ते टाळायला अशा इंजिनात मिश्रण कमी दाबावे लागते. पेट्रोलचे इंजिन मिश्रण आठ-नऊ पट दाबू शकते, रॉकेलचे पाच-सहा पटच. दाब कमी म्हणजे कार्यक्षमता कमी. शिवाय न जळलेले रॉकेल खाली उतरून वंगण पातळ करते. स्वस्त इंधनाची किंमत अशी दुसऱ्या खात्यावर पडत होती, आणि आमच्या मते ती क्वचितच कुणी मोजली. ते रॉकेल पुष्कळदा रेशनचे, निळा रंग घातलेले, म्हणजे गरिबाच्या चुलीसाठी सरकारने स्वस्त केलेले असे, ही गोष्टही सोडून देण्यासारखी नाही.

राज्यातले भारनियमन २०१२ च्या सुमारास बरेच ओसरले, इन्व्हर्टर स्वस्त झाले आणि ही जनित्रे माळ्यावर गेली. मग जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये इतका पाऊस झाला की रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या, मिठागरांत अडकलेल्यांना होड्यांनी काढावे लागले आणि पाण्यामुळे अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे तारांवर पडली. मधल्या काळात, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, खाडीपलीकडची मुंबईसुद्धा काही तास अंधारात गेली, तेवढी समानता मात्र आली.

अशा दिवशी इन्व्हर्टर काय करतो? हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. तिचे आयुष्य राखून त्यातले सव्वा युनिटच्या आसपास हाती लागते. आता पेट्रोल पाहा. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ ९ युनिट उष्णता असते. लहान जनित्र त्यातली सहाव्या हिश्श्याइतकीच वीज करते, म्हणजे दीड युनिट. पन्नास-साठ किलोची ती बॅटरी एका लिटर पेट्रोलाइतकीच! पहिल्या रात्री बॅटरी शांत, बिनधुराची, उत्तम. तिसऱ्या रात्री ती रिकामी असते आणि भरायला वीज नसते. छपरावर सौर पॅनेल असले तरी जुलैच्या ढगांखाली ते फार थोडे देते.

म्हणून आज पुन्हा दोन इंधनांची जनित्रे विकायला आली आहेत, पण आता जोडी पेट्रोल आणि एलपीजीची आहे. इथे काकड्याचे कारण उरलेले नाही. गॅस मुळातच वायू, त्याला तापवावे लागत नाही, थंड इंजिनही त्यावर सुरू होते. आधी दोन इंधने लागत कारण एक सुरू करी आणि दुसरे चालवी. आता दोन ठेवायची ती एक न मिळाल्यास दुसरे असावे म्हणून. निवड करताना हा फरक मनात हवा. पूर आला की पेट्रोल पंपावर रांग लागते आणि वीज गेली की पंपाचे यंत्रही अडते. घरात पेट्रोल साठवावे तर ते धोक्याचे, आणि काही महिन्यांत त्यात चिकट राळ धरते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली आर्द्रता शोषते. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत ही गोष्ट लहान नाही. एलपीजी सीलबंद सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षे तसाच राहतो. पाच किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये ६४ युनिटच्या आसपास उष्णता असते, त्यातून दहाएक युनिट वीज मिळेल, सुमारे सात लिटर पेट्रोलाएवढी. गॅसवर यंत्राची ताकद दहाएक टक्के कमी भरते, हे धरून चालावे. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर मात्र त्याला जोडायचा नाही. तो फक्त स्वयंपाकासाठी असतो, दुसरा वापर कायद्यात बसत नाही. बाजारात मोकळे मिळणारे पाच किलोचे किंवा व्यावसायिक १९ किलोचे सिलिंडर त्यासाठी आहेत. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर तळघरात, खोलगट जागेत साचतो, आणि तळमजल्यावर राहणाऱ्याने हे विसरू नये.

यंत्र किती मोठे घ्यावे? दिवे, पंखे आणि मोबाइल यांना पाचशे वॅट पुरतात. रानातल्या शिबिरालाही तेवढेच पुष्कळ, आणि तिथे आवाज कमी असलेले यंत्र पाहावे, नाहीतर मुले रातकिडे ऐकायला आली आणि इंजिन ऐकून गेली असे होते. फ्रिजला चालताना दीड-दोनशे वॅट लागले तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट लागतात. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना दोन हजारांच्या पुढे. इमारतीची टाकी भरायची असेल तर यंत्र त्या क्षणासाठी घ्यावे लागते. १ जुलै २०२३ पासून नव्या जनित्रांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत, तेव्हा माळ्यावरचे जुने उतरवण्यापेक्षा नवे पाहिलेले बरे.

आणि आता तो वायू. युद्धकाळात ज्याने बस ओढल्या तोच कार्बन मोनॉक्साइड प्रत्येक जनित्राच्या धुरात असतो, इंधन पेट्रोल असो, रॉकेल असो की गॅस. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. डोके दुखते, झोप येते, आणि माणूस तशीच झोपतो. बाहेर मुसळधार पाऊस, यंत्र भिजू नये म्हणून ते बाल्कनीत किंवा जिन्याखाली, आवाज नको म्हणून खिडक्या बंद: आपल्याकडच्या पावसाळ्यात नेमकी हीच मांडणी होते. यंत्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून सहा-सात मीटर दूर आणि वर नुसते छप्पर असेल अशाच जागी ठेवावे. ते शक्य नसेल तर त्या रात्री मेणबत्तीच बरी.

जोडणीचेही तसेच. जनित्राची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसून सगळे घर उजळवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालून २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो. खांबावर तेव्हा तार जोडत असलेला वायरमन ती तार मेलेली समजून हात घालतो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला की एका वेळी खांबाची तरी वीज येते किंवा जनित्राची तरी. वर्गात हा स्विच दाखवायला दोन सेल, एक टॉर्चचा दिवा आणि दोन बाजूंना लागणारी एक साधी कळ एवढे साहित्य पुरते.