गिधाडाचा घास

रामायणांतील जटायूला लोकांनीं पूज्य मानलें, पण त्याच्या वंशजाला मात्र अमंगल ठरविलें. या अमंगल पक्ष्यानें गांवोगांवचीं मेलेलीं जनावरें निकालांत काढण्याचें केवढें काम शतकानुशतकें बिनबोभाट केलें होतें, हें तो नाहींसा होऊं लागला तेव्हां कळलें.

१९९० नंतरच्या दशकांत राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत डॉ. विभु प्रकाश यांना गिधाडांचीं घरटीं ओस पडलेलीं दिसूं लागलीं. कित्येक पक्षी माना खालीं टाकून फांदीवर बसत आणि कांहीं दिवसांनीं मरून पडत. डॉ. प्रकाश हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक. पुढें देशभर पाहणी झाली, तेव्हां १९९२ पासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचें गिधाड हजारांमागें एक एवढेंच उरलें, असें आढळलें. उघड्यावर पडलेलीं शवें भटक्या कुत्र्यांच्या वांट्यास आलीं. मुंबईच्या पारशी समाजाला दखम्यांत सूर्यकिरण एकवटणारीं यंत्रें बसवावीं लागलीं.

प्रथम संशय आला तो सांथीच्या रोगाचा. परंतु पाकिस्तानांतील पंजाबांत लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेलेलीं गिधाडें फाडून पाहिलीं, तेव्हां यकृत, हृदय इत्यादि अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर आढळला. पक्ष्यांच्या शरीरांतील टाकाऊ नत्र यूरिक आम्लाच्या रूपानें मूत्रपिंडांतून बाहेर पडतें. मूत्रपिंडें बंद पडलीं कीं तेंच आम्ल रक्तांत सांचून अवयवांवर बसतें. मूत्रपिंडें बंद पाडणारें द्रव्य होतें डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांची सूज व वेदना शमविणारें एक साधें औषध. हा शोध २००४ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

यांतील विपर्यास लक्षांत घेण्याजोगा आहे. गिधाडाचें बोडकें डोकें शवांत खुपसण्यास सोयीचें असतें. त्याच्या जठरांतील आम्ल तर इतकें तीव्र, कीं कुजक्या मांसांतील अनेक रोगजंतु तेथेंच मरतात. माणसाच्या नाकाला जें मांस सहन होत नाहीं, तें गिधाडाला उत्तम अन्न; आणि दयाळू धन्यानें आजारी बैलाला टोंचून घेतलेलें औषध हेंच त्याला विष! अन्न चांगलें कीं वाईट, हें त्याच्या वासावरून ठरत नाहीं. खाणाऱ्याच्या देहावरून ठरतें. एकाच शवावर गिधाडांचा थवाच्या थवा तुटून पडतो. त्यामुळें शंभरांतील एकाहूनही कमी शवांत हें औषध असलें तरी सर्वनाशास तें पुरेसें होतें. शिवाय मादी वर्षाला एकच अंडें घालते व पिलूं वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. तेव्हां झालेली हानि भरून कशी निघावी?

भारत सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बनविण्यास मनाई केली. त्याच्या जागीं मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांना निर्धोक ठरलें. तरीही माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांना टोंचल्या जात. म्हणून २०१५ सालीं कुपीचें माप ३ मिलिलिटरांवर आणलें. पुढें २०२३ सालीं कीटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांवरही गुरांपुरती बंदी आली.

दरम्यान हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांची पैदास करण्याचें केंद्र उभें राहिलें. तेथील कांहीं पक्षी २०२४ सालीं महाराष्ट्रांतील ताडोबा व पेंच येथें आणले गेले. परंतु पिंजऱ्याचें दार उघडणें हें या कामांतील सोपें अंग होय. मोकळें झालेलें गिधाड अरण्याची सीमा जाणत नाहीं. तें शेंकडों कोसांवरच्या अनोळखी गांवाच्या शिवेवर जेवावयास उतरतें. त्या गांवच्या गोठ्यांत कोणतें औषध टोंचलें गेलें असेल, यावर त्याचें जगणें अवलंबून असतें. म्हणून गुरांच्या डॉक्टरास औषधाचें नांव विचारणारा साधा शेतकरी हाच जटायूच्या वंशाचा खरा राखणदार होय.