वर्गमूळ काढलं की झालं?

मागच्या रविवारी दुपारी मामेबहिणीचा फोन. बीएस्सीला आहे, दुसऱ्या दिवशी जेनेटिक्सचा पेपर. गणित असं: १०० माणसांचे एम-एन रक्तगट तपासले. एमएम ५०, एमएन २०, एनएन ३०. एन जनुकाचं प्रमाण काढा आणि हा समूह हार्डी-वाइनबर्ग समतोलात आहे का ते सांगा.

"अगं सोप्पंय. एनएन म्हणजे क्यू². ०.३०चं वर्गमूळ काढ, क्यू आला ०.५५." फॉर्म्युला दिसला की आकडे कोंबायचे, ही माझी इंजिनियरिंगच्या चार वर्षांची कमाई!

फोन ठेवला आणि शंका आली. म्हणून या फॉर्म्युल्याची जन्मकथाच वाचायला बसलो.

१९०८, लंडन. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये रेजिनाल्ड पनेट यांचं मेंडेलवर व्याख्यान. (हो, तेच ते, पनेट चौकोनवाले.) बोटं आखूड असणं हा प्रभावी गुण, असा विषय निघाला. त्यावर संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल म्हणाले, मग कालांतराने चारातल्या तीन माणसांची बोटं आखूड दिसायला हवीत. कुठेतरी चुकतंय हे पनेटना कळत होतं, पण उत्तर काही देता येईना. त्यांचा चौकोन एका जोडप्याच्या मुलांचा हिशेब सांगतो, अख्ख्या गावाचा नाही. यूलसारख्या माणसानेही तोच ३:१ गावाला लावला होता, तिथे परीक्षेतल्या पोरांना काय बोलायचं?

केंब्रिजला परतल्यावर पनेटनी आपल्या क्रिकेटमधल्या मित्राला गाठलं. हा मित्र म्हणजे जी. एच. हार्डी, रामानुजनवाले. हार्डींनी 'सायन्स'ला एक छोटंसं पत्र लिहिलं. इतकं प्राथमिक गणित छापायला द्यायचा त्यांना संकोचच वाटत होता. मुद्दा असा: समूह मोठा असेल, जोड्या या गुणाकडे न बघता जमत असतील, निवड आणि स्थलांतर नसेल, तर एका पिढीतच प्रमाण पी², २पीक्यू, क्यू² असं बसतं आणि तसंच राहतं. दुर्मिळ गुण प्रभावी असला तरी दुर्मिळच. (श्टुटगार्टच्या डॉक्टर वाइनबर्गनी हेच त्याच वर्षी जानेवारीत सांगितलं होतं. पण जर्मनमध्ये! कर्ट स्टर्ननी १९४३ साली आठवण करून दिल्यावर त्यांचं नाव जोडलं गेलं.)

सगळी मेख त्या 'असेल तर'मध्ये आहे. एखादा अप्रभावी आजार १०,००० त एकाला होतो, वाहक तर बघून ओळखू येत नाहीत. तिथे समतोल गृहीत धरून वर्गमूळ काढायचं: क्यू १/१००, म्हणजे साधारण ५० त एक वाहक. पण बहिणीच्या गणितात तिन्ही प्रकार समोर दिसतायत. सरळ मोजायचं! ३० जणांचे ६० एन, अधिक २०, म्हणजे २०० पैकी ८०. क्यू = ०.४०. समतोल असता तर ३६, ४८, १६ असे आकडे आले असते. आहेत ५०, २०, ३०. कुठला समतोल?

आणि माझ्या रीतीने? एनएन अपेक्षित ३०, आहेत ३०, तंतोतंत! येणारच, कारण क्यू त्या ३० मधूनच काढलेला. प्रोग्रॅमचं आउटपुटच टेस्टमध्ये उत्तर म्हणून चिकटवायचं आणि टेस्ट पास झाली म्हणून नाचायचं, तसला प्रकार.

रात्री घाईघाईने फोन केला. "दादा, मी तुझं उत्तर वर्गाच्या ग्रुपवर टाकलंय. सगळ्यांनी उतरवून पण घेतलं."

मग काय, अकरा वाजता नवा मेसेज टाइप करत बसलो.