मापाची विद्या : अन्ना मणी यांची गोष्ट

चांदा-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पावसाचा हिशेब म्हणजे घरचाच हिशेब. रोवणी केव्हा करायची, बांधीत पाणी किती राहिले, सारे त्याच्यावर. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी झाले. तेव्हा पर्जन्यमापकाने १० मिलिमीटरांची चूक केली, तर एकरामागे ४०,००० लिटरांचा हिशेब चुकला! अशी साधने आपल्या देशात अचूक बनावीत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एक बाई अग्रभागी होत्या. त्यांचे नाव अन्ना मणी.

त्यांच्या आधीचा काळ कसा होता पाहा. १९३३ साली मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे प्रवेश मागितला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. पण कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले गेले. त्या कसोटीला उतरल्या आणि मुलींसाठी दार किलकिले झाले.

१९४० साली त्याच संस्थेत अन्ना मणी आल्या. त्रावणकोरातील पीरमेड येथे १९१८ साली जन्मलेल्या या मुलीने रामन यांच्या हाताखाली हिरे आणि माणके यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. एकेका छायाचित्राला पंधरा-वीस तास लागत. कित्येकदा रात्र प्रयोगशाळेतच जाई. पाच शोधनिबंध झाले, प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठ म्हणाले, तुमच्याजवळ एम. एस्सी. नाही, तेव्हा डॉक्टरेट मिळणार नाही. झाले!

१९४५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. मनात पदार्थविज्ञान होते, पण शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांच्या शिक्षणासाठी. त्यांनी तेच मन लावून शिकून घेतले. उपकरण बनते कसे, तपासतात कसे, चूक कुठे शिरते, ही सगळी हातची विद्या. १९४८ साली त्या पुण्यास हवामान खात्यात रुजू झाल्या. या खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली, म्हणून पुणेकर तिला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

स्वातंत्र्यापूर्वी साधे तापमापक आणि वायुभारमापकसुद्धा विलायतेहून येत. मणीबाईंनी जवळजवळ १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवले. प्रमाणित म्हणजे काय? कोणत्याही कारखान्यात बनवा, माप एकच यायचे. सिरोंच्याचा पाऊस आणि पुण्याचा पाऊस एकाच मापाने मोजला, तरच तुलनेला अर्थ. चुकीचे माप हे माप नसण्यापेक्षाही वाईट, असा त्यांचा कटाक्ष असे. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रे देशभर उभारली. १९७६ साली त्या उपमहासंचालक या पदावरून निवृत्त झाल्या. २००१ साली त्यांचे निधन झाले. डॉक्टरेट त्यांना मिळाली नाही ती नाहीच. पण हातातली विद्या कोणाला काढून घेता आली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, पदवीची वाट जवळ आली. पण प्रयोगाच्या टेबलाशी काय चालते? बहुधा मुलगा उपकरण हाताळतो आणि मुलगी वहीत आकडे उतरवते. तेवढ्याने मुलीला पदार्थविज्ञानात नोकरीधंदा करता यायचा नाही. स्क्रू तिने फिरवावा, तापमापक तिने लावावा, चूक तिने शोधावी. फार सामान लागत नाही. सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा आणि एक मोजपट्टी घ्या. डबा झाडापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी पाणी मोजायचे, लिहायचे, डबा रिकामा करायचा. येत्या मृगापासून हे काम आपल्या शाळेतील मुलींच्या हाती द्या आणि चार महिन्यांनी त्यांची वही तहसील कचेरीतल्या नोंदीशी ताडून पाहा.