ओमसवाद : शिवी आणि तिचा जनपद

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम ओमसवादाचा, म्हणजे दुसऱ्यास टोचेल असे हिणवून बोलण्याचा आहे. नियम छोटा, पण सुत्तविभंगातील त्याचे विवरण विस्तृत आहे. जाती, नाव, गोत्र, कर्म, शिल्प, आजार, शरीरलक्षण, क्लेश, आपत्ती आणि आक्रोश अशा दहा अंगांनी मनुष्यास कसे हिणवले जाते, हे तेथे सांगितले आहे. उंट, बैल, गाढव या शिव्या आक्रोशात मोडतात. हीन शिल्पांत बुरुडकाम, कुंभारकाम, चर्मकाम यांच्याबरोबर विणकामही येते. गणना व लेखन मात्र उच्च ठरते. यादीपेक्षा मोलाची आहे ती तिला जोडलेली पुस्ती : त्या त्या जनपदात जे तुच्छ लेखले जाते, तेही यात धरावे.

सोलापूरकरास ही पुस्ती समजावून सांगावी लागत नाही. येथे १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आणि एके काळी हिणवले गेलेले शिल्पच या शहराची ओळख बनले. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू येथे एकाच गल्लीत नांदतात. तेलुगू घरी पाहुण्यास आदराने ‘रंडि’, म्हणजे ‘या’, म्हणतात. मराठी वा उर्दू कानास तोच उच्चार स्त्रीविषयक शिवी वाटतो. कन्नडमधील ‘री’ मान देतो, ‘ले’ तो काढून घेतो. जिव्हाळ्याच्या माणसांत मात्र तोच ‘ले’ खपतो.

अपमान पुष्कळदा शब्दात नसून प्रत्ययात असतो. वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज भगवंतास मुंडक, समणक, वसलक म्हणतो. त्यातील ‘क’चे काम मराठीत जातिनामास चिकटवलेला ‘डा’ करतो.

उदानात पिलिंदवच्छ भिक्खूंची कथा आहे. ते सर्वांना ‘वसल’ म्हणत. तक्रार आली, तेव्हा भगवंतांनी त्यांच्या मनात द्वेष नसून ती पूर्वजन्मांची सवय असल्याचे सांगितले. ‘आमची बोलण्याची रीतच तशी’ म्हणणाऱ्या गावकऱ्यांनी या कथेचा आधार घेऊ नये. परंपरा पिलिंदवच्छांना अर्हत मानते! शिवाय विनयानुसार हिणवण्याच्या हेतूने उच्च जातीचे नाव घेतले तरी दोष लागतोच.

गोड शब्दही टोचतो. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला, आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण जात टाकली. शिवी देणाऱ्याने ती टाकली नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, तो जानेवारी १९९० मध्ये अमलात आला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात तेव्हा बौद्ध नव्हते. जातिनामाने ज्यास हिणवले, त्यासच कायदा ‘तू त्या जातीचा नाहीस’ म्हणू शकत होता. बौद्धांचा समावेश त्याच वर्षी झाला. २०१५ च्या दुरुस्तीने जातिनामाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, पण अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी झाला पाहिजे, ही अट कायम राहिली. विनयात ती अट नाही.