स्वयंपाकघरातील कपाटे : फळी निवडताना कडेचाही विचार हवा

ओट्याखालची कपाटे दोन-तीन पावसाळ्यांत फुगू लागली, की दोष सरसकट प्लायवूडला दिला जातो. वास्तविक लॅमिनेट लावलेल्या पृष्ठभागातून पाणी क्वचितच शिरते. ते शिरते कापलेल्या कडेतून. त्यामुळे सुतार बसवून किंवा स्वतःच्या हाताने कपाटे करणाऱ्यांनी फळीबरोबरच कडेचाही विचार आरंभीच करणे इष्ट ठरते.

‘कमर्शिअल’ या नावाने विकला जाणारा एमआर दर्जाचा प्लाय दमट हवा सोसतो, साचलेले पाणी नव्हे. त्याचे थर बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेले असतात. आयएस ७१० या मानकानुसार तयार होणाऱ्या मरीन प्लायसाठी फिनॉलयुक्त चिकटद्रव्य वापरतात आणि त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. ‘वॉटरप्रूफ’ हा दुकानदाराचा शब्द झाला. ग्राहकाने फळीवरील आयएसआय चिन्ह आणि मानक क्रमांक पाहावा. संपूर्ण स्वयंपाकघर मरीनमध्येच करण्याचा आग्रह मात्र अनाठायी आहे. सिंकखालचा खण आणि ओट्याखालचा सांगाडा यांसाठी तो घ्यावा. भिंतीवरच्या कपाटांना एमआर पुरतो. एमडीएफवर रंग देखणा बसतो, पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो. पण पाणी पिऊन फुगलेले हे दोन्ही प्रकार पूर्ववत होत नाहीत. सिंकजवळ ते नकोतच.

सांगाड्यासाठी १८ मिलिमीटर जाडी रूढ आहे. दाराच्या एकाच बाजूस लॅमिनेट लावल्यास त्याला बाक येतो, म्हणून आतूनही पातळ लॅमिनेट लावावे.

कडेसाठी पूर्वी सागवानी पट्टी ठोकत. ती आजही टिकाऊच आहे, पण वेळखाऊ. पीव्हीसी पट्टी घ्यायची झाल्यास आतल्या फळ्यांना ०.८ मिलिमीटर, तर सतत धक्के खाणाऱ्या दारांना २ मिलिमीटर जाडीची घ्यावी. लॅमिनेटची जाडी धरून १८ मिलिमीटरच्या फळीला २२ मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. जादा भाग नंतर तासता येतो. यंत्रावर गरम गोंदाने बसवलेली पट्टी हाताने चिकटवलेल्या पट्टीपेक्षा घट्ट धरते, त्यामुळे शक्य असल्यास ते काम बाहेरून करून घ्यावे.

खरी हेळसांड होते ती न दिसणाऱ्या कडांची. खणाची तळची कड, पाइपासाठी पाडलेले भोक, बिजागरीसाठी कोरलेली ३५ मिलिमीटरची खाच हे भाग बहुतेक ठिकाणी उघडेच राहतात. तेथे प्रायमर किंवा वॉर्निशचे दोन हात द्यावेत आणि पाइपाभोवती सिलिकॉन भरावे. फरशी धुताना पाणी तळाशी लागू नये, यासाठी खण प्लास्टिकच्या पायांवर चार इंच उचलून बसवावा.