दंतबंधन : पृष्ठभागाची पूर्वतयारी

दाताच्या रंगाचे रेझीन भरण, व्हिनीअर किंवा वेड्यावाकड्या दातांवरील ब्रॅकेट चिकटविण्यापूर्वी दातावर करावयाची प्रक्रिया. कापणे, अम्ल लावणे, धुणे, सुकविणे हे तिचे टप्पे. भरण निघाले की आसंजकाला (चिकटविणाऱ्या द्रव्याला) बोल लावतात. पण बहुतेकदा कारण या टप्प्यांतच सापडते.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये ८५ टक्के फॉस्फोरिक अम्ल ३० सेकंद लावून दंतवल्कावर (दाताच्या बाहेरील कठीण आवरणावर) अॅक्रिलिक रेझीन चिकटविले. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत हे अम्ल वापरीत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आज सुमारे ३७ टक्के अम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात. धुऊन सुकविल्यावर दंतवल्क खडूसारखे निस्तेज पांढरे दिसले पाहिजे. अम्लाने पडलेल्या सूक्ष्म छिद्रांत रेझीन शिरून तेथेच घट्ट होते. या पृष्ठभागाला लाळ लागली तर पुन्हा अम्ल लावणे श्रेयस्कर.

दंतिनाची (दंतवल्काखालील थराची) गोष्ट वेगळी. दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, तर दंतिनात सुमारे ७० टक्केच. उरलेले मुख्यत्वे कोलॅजेन व पाणी. शिवाय बरने (दात कोरणाऱ्या फिरत्या हत्याराने) कापल्यावर भुकटीचा पातळ लेप मागे राहतो आणि आसंजकाच्या आड येतो. जपानमध्ये फुसायामा यांनी दंतिनालाही अम्ल लावण्याचा पुरस्कार केला. अम्लाने उघड्या पडलेल्या कोलॅजेनच्या जाळीत रेझीन मुरून तयार होणारा ‘संकर स्तर’ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये वर्णिला. हवेच्या फवाऱ्याने दंतिन कोरडे ठणठणीत केले तर जाळी खाली बसते आणि रेझीनला वाट उरत नाही. पाणी साचले तरी बंध कमजोरच. म्हणून पृष्ठभाग किंचित चमकेल इतपत ओला ठेवतात. नवशिक्याचा हात चुकतो तो इथेच.

स्वयंअम्ली आसंजके (ज्यांत अम्ल आधीच असते) धुवावी लागत नाहीत. त्यांतील एमडीपी हा घटक कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो. मात्र दंतवल्कावर ती काहीशी दुबळी पडत असल्याने तेवढ्यापुरते वेगळे अम्ल लावण्याची पद्धत आहे. दीर्घकाळ टिकाऊ पद्धत कोणती, याबाबत मतभेद आहेत.

युजेनॉलयुक्त तात्पुरते भरण रेझीनच्या घट्ट होण्यात अडथळा आणू शकते. दात पांढरे केल्यावर लगेच बंधन करीत नाहीत. साधारण दोन आठवडे थांबतात. फ्लुओरोसिस झालेल्या दंतवल्कावर (महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर भागांत हा विकार आढळतो) अम्लाचा परिणाम सावकाश होतो. काही जण वेळ वाढवितात, काही वरचा थर घासून काढतात.

पृष्ठभागाच्या पूर्वतयारीसाठी लेझरही दंतिन व दंतवल्क दोन्हींवर वापरतात.