एका सूचनेसाठी फंक्शन कशाला?

परवा शनिवारी, बाहेर पाऊस आणि हातात चहा, अशा थाटात बर्कले युनिक्सचा जुना कोड उघडून बसलो होतो. (बायकोच्या मते याला सुट्टी म्हणत नाहीत. असो.)

कर्नल एखादी यादी बदलत असताना मध्येच डिस्कचा इंटरप्ट आला आणि त्यानेही त्याच यादीला हात घातला, तर घोळ ठरलेला. म्हणून तेवढ्यापुरते इंटरप्ट अडवायचे, काम उरकायचं, पुन्हा सोडायचे. युनिक्समध्ये हे काम ‘एसपीएल’ नावाची चिमुकली फंक्शन्स करायची. पीडीपी-११/४५ वर तर ते एका सूचनेचं काम! पण सी भाषेला इंटरप्ट हा प्रकारच ठाऊक नाही, म्हणून ती सूचना असेंब्लीत लिहून फंक्शनमध्ये गुंडाळलेली.

१९७९ मध्ये बर्कलेचं युनिक्स व्हॅक्सवर आलं. तिथेही काम एकाच सूचनेचं. पण व्हॅक्सचा फंक्शन कॉल महागडा. दर वेळी स्टॅकवर किमान पाच शब्द ठेवायचे, परतताना काढायचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! आणि कर्नल हे सतत करणार.

त्यांनी काढलेला तोडगा वाचून मी हसलोच. कंपायलरने तयार केलेला असेंब्लीचा मजकूर असेंब्लरकडे जाण्याआधी ‘सेड’मधून गाळायचा. एसपीएलचा कॉल दिसला की तो खोडून तिथे थेट सूचना! पुढे ४.३ बीएसडीत (१९८६) याच कामासाठी सीमध्ये लिहिलेला ‘इनलाइन’ नावाचा प्रोग्राम आला.  

नंतर जीसीसीने थेट सीच्या कोडमध्ये असेंब्ली लिहायची चांगली सोय दिली. लिनक्सच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच इंटरप्ट बंद करणारी सूचना साध्या मॅक्रोत आहे. पण इथे एक मेख आहे. अनोळखी फंक्शनचा कॉल दिसला की कंपायलर बिचकतो. आत मेमरी बदलेल म्हणून हातातली कामं पुढेमागे करत नाही. सूचना थेट लिहिली की ही भीती जाते. ‘मेमरी’ हा शब्द आपण वेगळा लिहून त्याला बजावावं लागतं.

एका ड्रायव्हरमध्ये मी नेमका तो शब्द विसरलो होतो. कंपायलरने एक व्हेरिएबल इंटरप्ट बंद होण्याआधीच वाचून ठेवलं. यंत्र काही तासांतून एकदा गोठायचं. तीन रात्री मी हार्डवेअरला शिव्या घातल्या, चूक माझीच होती.

आणि कथेचा शेवट? २००७ साली लिनक्स २.६.२० मध्ये आभासी यंत्रांच्या सोयीसाठी त्याच सूचनेचा पुन्हा कॉल झाला. मग खऱ्या यंत्रावर वेग जाऊ नये म्हणून कर्नल सुरू होतानाच स्वतःच्या मेमरीतले ते कॉल खोडून तिथे थेट सूचना लिहू लागला.

म्हणजे सेडवाले बर्कलेकर शेवटी बरोबरच होते. फक्त गाळणी आता कर्नलच्या पोटात गेली!